मुक्तागिरीच्या पायथ्याचे धोंडे

गेल्या मार्गशीर्षात सहकुटुंब मुक्तागिरीच्या वंदनेस जाण्याचा योग आला. बावन्न जिनमंदिरांच्या त्या सिद्धक्षेत्राचे माहात्म्य आपणांस निराळे सांगावयास नको. या लेखाचा विषय वाटेवरच्या एका बालप्रश्नातून निघाला आणि आमच्या व्याह्यांच्या विहिरीपर्यंत जाऊन पोहोचला.

अकोल्यास मुक्काम करून सकाळी अकोटच्या रस्त्याने निघालो. वाटेत गांधीग्राम येथे पूर्णा नदी लागते. तेथे थोडे थांबलो, तेवढ्यात माझी बारा वर्षांची नात पाण्यात दगड भिरकावण्याच्या बेताने काठाकडे धावली. पाण्यात जीव असतात म्हणून तिच्या आजीने तिला दटावले, पण त्याची गरजच पडली नाही. पोर रिकाम्या हाताने परतली. ‘‘आजोबा, इथे एकसुद्धा दगड नाही!’’ खरोखरच नव्हता. काठ उभ्या भिंतीसारखे तुटलेले, आणि वरपासून खालपर्यंत नुसती माती. पुढे अंजनगाव ओलांडून परतवाड्याकडे वळलो, तशी शेतांच्या बांधांवर गोट्यांची रास दिसू लागली. आधी नारळाएवढे, मग गव्हाच्या पोत्याएवढे. आणि मुक्तागिरीच्या पायथ्याशी नाल्यात पाहिले, तर आमच्या पेढीवरील जुन्या तिजोरीएवढे काळे धोंडे पडलेले. ‘‘हे सगळे इथेच का? नदीपर्यंत का गेले नाहीत?’’ असा तिचा पुढचा प्रश्न.

उत्तर सोपे वाटते, पण पूर्ण उत्तर द्यावयास पुष्कळ मागे जावे लागते.

नदीच्या अंगी ओझे वाहण्याची शक्ती असते. ती पाणी किती, उतार किती आणि प्रवाह किती आवळलेला यांवर ठरते. गाविलगडच्या डोंगरात हे तिन्ही अनुकूल असतात. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे आणि पूर्णेचे मैदान तीनशे मीटरांच्या आतबाहेर. एवढा उतार अवघ्या काही कोसांत उतरावयाचा, तोही अरुंद दरीतून. म्हणून तिजोरीएवढा धोंडाही पुरात लोळत येतो. परंतु डोंगराचे दार ओलांडले की दरीच्या भिंती संपतात, पाणी पसरते, उतार मंदावतो. शिवाय खालच्या भरड थरात पाणी मुरू लागते. शक्ती एकाएकी ओसरते. मग ओझे टाकणे आले. जे सर्वांत जड, ते सर्वांत आधी पडते. धोंडे दाराशीच, त्यापुढे गोटे, मग रेती, आणि हाताला पिठासारखी लागणारी माती पार पूर्णेपर्यंत. गांधीग्रामच्या काठावर दगड नव्हता, कारण तो वाटेतच उतरवला गेला होता.

ओझे टाकता टाकता नाला स्वतःचाच तळ उचलतो. तळ वर आला की आजूबाजूची जमीन खाली राहते, आणि एखाद्या मोठ्या पुरात नाला जुनी वाट सोडून शेजारच्या सखल बाजूस उडी घेतो. तेथेही भरणा करतो. मग पुन्हा तिसरी वाट. हजारो वर्षे असे चालले की डोंगराच्या दारापासून खाली हातपंखा उलगडावा तसा धोंड्या-मातीचा उतरता ढीग तयार होतो. शेजारशेजारच्या नाल्यांचे असे पंखे एकमेकांत मिसळले की पायथ्याला सलग पट्टा होतो. भूजलतज्ज्ञ त्यास ‘बझाडा’ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, पण खानदेशातील केळीवाल्यांच्या तोंडी तो आता रुळला आहे. सपन, बिच्छन, शहानूर या नद्या गाविलगडच्या पायथ्याचा पट्टा घडवीत आल्या आहेत. त्यांच्या शेजारी चंद्रभागा नावाचीही एक नदी आहे. ‘‘आपली चंद्रभागा इथे कशी?’’ असे सौभाग्यवतींनी विचारले. ही निराळी, पूर्णेस मिळणारी.

या कामाचा वेगही ध्यानात घेतला पाहिजे. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. नद्यांचा सारा विहार मात्र त्याच चार महिन्यांत होतो, आणि त्यातही मोजक्या पुरांच्या दिवसांत. वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस नाला कोरडा किंवा झिरपता असतो. म्हणून पायथ्याला जमीन घेणारा मनुष्य उन्हाळ्यात येऊन ती पाहतो आणि फसतो. समोरचा कोरडा दगडी पट्टा त्यास पडीक वाटतो. तो नाल्याचाच असतो. नाला केवळ गावाला गेलेला असतो.

हिमालयाच्या पायथ्याशी हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर चालतो. बिहारमधील कोसी नदी अशाच पंख्यावर सुमारे दोनशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकत गेली. मग तिला बांध घालून जखडले, तेव्हा ती बांधांच्या मध्येच गाळ भरू लागली आणि तळ उंचावला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहा येथे बांध फुटला आणि नदी एका झेपेत पूर्वेकडील जुन्या वाटांवर आली. लक्षावधी लोक बेघर झाले.

परंतु पायथा आहे म्हणजे पंखा झालाच, असेही नाही. सह्याद्रीची कोकणाकडील भिंत सातपुड्याहून अधिक उभी आहे, तरी तिच्या पायथ्याला असे जाड पट्टे नाहीत. तेथे पाऊस प्रचंड, समुद्र जवळ. आणलेले बहुतेक सारे पुढे वाहून जाते, साठवावयास खळगाच नाही. सातपुड्याच्या दक्षिणेस मात्र तापी आणि पूर्णा ज्या लांबट द्रोणातून वाहतात, तो भूकवचाच्या भेगांच्या कडेने खचत आलेला आहे. तेथील जमीन अजून पुरती स्थिरावलेली नाही. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात झालेला मोठा भूकंप त्याची साक्ष देतो. एका अंगाला उंच डोंगर, दुसऱ्या अंगाला खचणारा खळगा, म्हणजे कोठार आणि माल दोन्ही तयार. पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी हा भरणा ३०० मीटरांहून अधिक जाड आहे. आपल्या भीमेच्या काठची गाळाची माती बहुधा पंधरा-वीस मीटरांतच संपते आणि खाली काळा पाषाण लागतो.

येथवर जमेची बाजू झाली. पण मग गांधीग्रामला पूर्णेचे काठ उभे तुटलेले का? जी नदी भरणा करीत आली, तीच आपल्या भरण्यात इतकी खोल कशी उतरली? तापीच्या काठी तर याहून विलक्षण दृश्य दिसते. नदीच्या दोन्ही अंगांना ओघळी आणि घळींनी जमीन अशी चिरत गेली आहे की कोसभर लांब सपाट शेत वापरता येत नाही.

हे जमाखर्चासारखे आहे. वरून येणारे ओझे जास्त आणि ते नेण्याची शक्ती कमी, तेव्हा शिल्लक पडते, नदी भरते. ओझे कमी आणि शक्ती जास्त, तेव्हा नदी पूर्वीच्या शिलकीतून उचल करते. तळ खाली जातो. तळ खाली गेला की तिला मिळणाऱ्या लहानमोठ्या नाल्यांनाही खाली उतरणे भाग पडते, आणि ते कापणे मुखापासून उगमाकडे, उलट्या दिशेने वर चढत जाते. घळ नेहमी डोक्याकडून वाढते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. कारण बांध तेथूनच तुटतो.

दख्खनच्या नद्यांचा हा जुना हिशेब उलगडण्याचे काम पुण्याच्या संशोधकांनी केले. ह. धी. सांकळिया यांना प्रवरेच्या काठी नेवासे येथे गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली, तेव्हापासून काठच्या मातीचे थर रोजकीर्दीसारखे वाचता येतात हे स्पष्ट झाले. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दख्खनच्या वायव्य भागातील नद्यांचा असा ताळेबंद मांडला. त्याचा सारांश असा की शेवटच्या हिमयुगाच्या अखेरच्या काळात आपल्याकडील मोसमी पाऊस दुबळा होता, झाडोरा विरळ होता. नद्यांकडे ओझे पुष्कळ आणि पाणी थोडे, म्हणून त्या भरत गेल्या. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस बळावला आणि त्याच नद्या आपला भरणा कापू लागल्या. म्हणजे गांधीग्रामच्या काठावर आम्ही पाहिले ते पूर्वीच्या दुष्काळी युगात साठलेले आणि नंतरच्या सुकाळात चिरलेले भांडवल. दुष्काळात नदी साठवते आणि सुकाळात उधळते, हे आपल्या व्यवहाराच्या उलट वाटते खरे.

आता व्याह्यांची गोष्ट. ते परतवाड्यास संत्र्याची अडत करतात. पायथ्याशी त्यांची सात एकर बाग आहे. विहीर त्यांच्या वडिलांनी खणली, पंचेचाळीस फूट, सारी गोट्यांतून. बागेच्या पश्चिमेस दगडांचा एक लांब पडीक पट्टा आहे. त्यांच्या आजोबांच्या काळी नाला तेथून वाहत असे. पुढे एका पुरात तो पूर्वेकडे सरकला. आम्ही गेलो, तेव्हा एका ठेकेदाराचा निरोप आलेला होता. रस्त्याच्या कामासाठी तो त्या पट्ट्यातील दगड आणि रेती पंधरा फुटांपर्यंत उचलणार आणि मोबदला म्हणून जवळजवळ एका बहराच्या उत्पन्नाइतकी रक्कम देणार. थोरल्या चिरंजीवाच्या शीतगृहाचे कर्ज डोक्यावर. रक्कम हवी होती. ‘‘अण्णा, त्या दगडांत कुसळसुद्धा उगवत नाही. तुम्ही काय म्हणता?’’ त्यांनी विचारले.

मला जे समजत होते ते सांगितले. विहिरीला पाणी येते ते या दगडांच्या फटींतून. डोंगरावरचा पाऊस पायथ्याच्या भरड पट्ट्यात शिरतो आणि तेथून जमिनीखाली सरकत मैदानाकडे जातो. खाली, पूर्णेच्या मधल्या मैदानात, बारीक चिकण मातीत पाणी नीट मुरत नाही आणि जे आहे ते खारे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा आहे. गोड पाण्याचे दार म्हणजे हाच ओसाड दिसणारा पट्टा. शिवाय पंधरा फूट खड्डा केला, तर पुढच्या पुरात नाला आपली जुनी वाट शोधत त्यात उतरेल. उतरला की खड्ड्याच्या वरच्या तोंडाशी कापणे सुरू होईल, तळ खाली जाईल, आणि विहिरीभोवतीचे पाणी त्या खोल चरात झिरपून निघून जाईल.

हे नुसते पुस्तकी नव्हते. दोन शेते खाली एका शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी असाच दगड काढू दिला होता. आम्ही जाऊन पाहिले. नाला पुरुषभर खाली गेलेला, काठाची संत्र्याची एक रांग मुळांसकट आत कोसळलेली, आणि बुडाशी पिवळसर चिकण मातीचा थर उघडा पडलेला. ‘खोलीकरण झाल्यामुळे पुराचा धोका टळला,’ असे त्यास सांगण्यात आले होते. त्याच्या शेतात आता पाणी शिरत नाही, हे खरेच आहे.

मी म्हणालो, ‘‘तुम्ही व्याज नव्हे, मुद्दल विकायला काढले आहे.’’ यावर व्याह्यांनी दिलेले उत्तर मला अजून सुटलेले नाही. ते म्हणाले, ‘‘मुद्दल माझे एकट्याचे कुठे आहे? माझा दगड मी राखायचा आणि त्याच्या जोरावर पाच शेजाऱ्यांनी सातशे फुटांचे बोअर मारायचे. राखण मी करतो, उपसा ते करतात. यात कोणता धर्म?’’

हा प्रश्न एकट्या परतवाड्याचा नाही. वरुड-मोर्शीची संत्री आणि यावल-रावेरची केळी सातपुड्याच्या याच पायथ्यावर उभी आहेत, आणि या तालुक्यांची नावे अतिशोषित भूजलाच्या यादीत वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. जे पाणी मुरावयास पिढ्या लागल्या, ते उपसावयास एक पिढी पुरली. पायथ्याच्या भरड थरात पुराचे पाणी मुद्दाम मुरविण्याची तापी महापुनर्भरण योजना आता पुढे आली आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. कल्पना नवी नाही. रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूर येथे १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या आश्रयाने कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याला मुरून तापीकडे सरकणारे पाणी जमिनीखालीच अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या बळावर शहरास आणले. चारशे वर्षे झाली, त्यात अजून पाणी आहे. त्या काळच्या कारागिरांनी पंख्याची रचना जाणली होती, आणि पंख्याचा दगड कोणी उचलून नेला नव्हता, ही दुसरी गोष्टही तितकीच खरी.

सोलापूरकरांस वाटेल, आपल्याकडे ना सातपुडा ना बझाडा. सह्याद्री येथून फार दूर राहिला. आपला याच्याशी संबंध काय? तर जमाखर्च तोच आहे, फक्त त्यात डोंगराच्या जागी आपण आलो. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. भीमा पुण्याकडून जो गाळ आणते, तो धरणाच्या संथ पाण्यात टाकते. डोंगराच्या दाराशी नाला धोंडे टाकतो, त्याच नियमाने. पळसदेव-भिगवणकडच्या वरच्या फुगवट्यात गाळ आधी बसतो आणि मग भिंतीकडे सरकत येतो. धरणाखाली सुटणारे पाणी मात्र ओझ्याविना, म्हणजे उचल करावयास मोकळे. पंढरपुराखाली वाळूचा उपसा होऊन पात्रात जे खड्डे राहतात, ते भरून काढावयास वरून वाळू येत नाही. ती उजनीत अडकलेली असते. मग नदी काठाची माती घेते.

सीनेवर असे मोठे धरण नाही, म्हणून तिचा स्वभाव अधिक उघड दिसतो. २०२५ च्या सप्टेंबरातील पूर आपण सर्वांनी पाहिला. माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांत पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले, तेव्हा कोणाच्या नावापुढे ‘जमीन खरडून गेली’ असे लिहिले गेले, तर कोणाच्या नावापुढे ‘गाळ साचला’. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कापणे, आतल्या अंगाला भरणे. आमच्या एका आडत्याच्या दोन्ही भावांची शेते समोरासमोरच्या काठांवर आहेत; एकाची माती गेली आणि दुसऱ्याच्या उभ्या उसावर ती येऊन बसली. दोघेही नुकसानभरपाईच्या रांगेत उभे होते.

परतवाड्याहून निघताना व्याह्यांनी एवढेच कबूल केले की एक पावसाळा पाहू. ठेकेदाराचा विसार घेतला नाही. मी त्यांच्या विहिरीत सोडावयास सुताच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी बांधून दिल्या. दर पौर्णिमेस किती गाठी भिजतात ते वहीत लिहावयाचे ठरले. वैशाखात तीन भिजत होत्या.

हा लेख छपाईला देण्याच्या तयारीत असताना त्यांचा फोन आला. डोंगरात रात्रभर पाऊस होऊन नाल्याला मोठा पूर आला होता. पाणी जुन्या पात्रात गुडघाभर शिरले, एक रात्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारे दगडांत मुरून गेले. चौथ्या दिवशी विहिरीत अकरा गाठी भिजल्या. खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत काय झाले, असे मी विचारले. त्याचा नाला खळाळत वाहिला आणि दोन दिवसांत कोरडा पडला, असे ते म्हणाले. ठेकेदार दसऱ्यानंतर पुन्हा येणार आहे.